गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावर
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, पोशाखाविषयीं बोलण्यास नभोवाणीसारखें दुसरें सोईचें ठिकाण नाहीं. बोलणाराचा सदरा चुरगळलेला आहे कीं कोटाचें बटण तुटलेलें आहे, हें आपणांस दिसत नाहीं. त्याचा आवाज आणि त्याचें म्हणणें एवढ्यावरच आपण त्याची परीक्षा करतां. परंतु जो मनुष्य आपल्या हातच्या कौशल्यावर लहानसा धंदा चालवितो आणि त्यासाठीं दुसऱ्याच्या दारांत जाऊन उभा राहतो, त्याला ही सवलत मिळत नाहीं. त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्या कपड्यांनीं अर्धें भाषण करून टाकलेलें असतें. अशा मनुष्याचा पोशाख कसा असावा, आणि तसा कां असावा, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

दुकानदारांविषयीं मी बोलत नाहीं. घरोघरीं विजेची दुरुस्ती करणारा वायरमन, हिशेब लिहून प्राप्तिकराचीं पत्रकें भरून देणारा लेखनिक, कार्यांत स्वयंपाकाचें काम घेणारा आचारी, घरीं येऊन रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका, शिकवणीचा मास्तर, ही मंडळी माझ्या डोळ्यांपुढें आहेत. यांच्यापाशीं विकावयास वस्तु नसते. भांडें घेतांना आपण तें वाजवून पाहतों, कापड घेतांना सूत बोटांत धरून पाहतों, आंबा हुंगून पाहतों. वायरमनचें काम असें आगाऊ वाजवून पाहतां येत नाहीं. तें झाल्यावर कळतें, आणि पुष्कळदां झाल्यावरहि कळत नाहीं, कारण तारा भिंतींत गाडल्या जातात.

विकणाराला मालाची माहिती अधिक आणि घेणाराला कमी, अशा स्थितींत बाजार कसा बिघडतो, याचें विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींचें उदाहरण घेऊन केलें. पुढें १९७३ सालीं मायकेल स्पेन्स यानें नोकरीच्या बाजाराचा विचार करतांना दाखविलें कीं, आंतला गुण दिसत नसला म्हणजे लोक बाहेरच्या खुणेकडे पाहतात. पण ती खूण धारण करणें लायकापेक्षां नालायकाला महाग पडत असेल, तरच ती खरी ठरते. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं शिंप्याचा विचार केला नव्हता, परंतु हा नियम शिंप्याच्या कामालाहि लागतो. नवा कोट कोणीहि विकत घेतो, किंवा भाड्यानें आणतो. लबाडालाहि तो तेवढ्याच किंमतीला मिळतो. म्हणून भारी कपड्यानें पहिली भेट जिंकली तरी सिद्ध कांहींच होत नाहीं. उलट तीन महिन्यांत सहा वेळां आलेला मनुष्य सहाहि वेळां धुतलेल्या कपड्यांत आणि ठरल्या वेळीं आला, तर ती खूण दुकानांत मिळत नाहीं. तिच्यासाठीं रोज रात्रीं बादलीपाशीं बसावें लागतें. जो हें न चुकतां करतो तो तारांचे सांधेहि न चुकतां बांधीत असेल, असा तर्क गिऱ्हाईक करतें, आणि हा तर्क अगदींच वेडा नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कपड्यांवरून माणसाची पारख करूं नये, असें आम्हींच शाळेंत शिकविलें. आपल्या समाजांत तर या संवयीला फार कडू इतिहास आहे. पागोट्याच्या बांधणीवरून जात ओळखावी, लुगडें नेसण्याच्या तऱ्हेवरून बाईला कोठें उभें करावयाचें तें ठरवावें, असा तो काळ होता. १९२७ सालच्या डिसेंबरांत महाड येथें जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून लोक तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखतात तें नेसणें व ते दागिने टाकून द्या. स्वतः ते नीटनेटक्या सुटांत वावरत. या उपदेशांत ऐटीचा लवलेश नव्हता. दुसऱ्यानें लादलेली खूण उतरवून स्वतःची खूण स्वतः ठरविण्याचा तो हक्क होता. वायरमनला स्वच्छ सदरा घाल असें मी सांगतों तेंहि याच अर्थानें. साहेबासारखा दीस, असें मी सांगत नाहीं. गिऱ्हाइकाचे डोळे आपल्याला बंद करतां येत नाहींत. त्या डोळ्यांना काय दाखवावयाचें एवढेंच आपल्या हातीं आहे.

आतां एका माणसाची हकीकत सांगतों. माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी पुण्याच्या एका उपनगरांत वायरमनचा धंदा करतो. (सरकारी भाषेंत याला 'तारतंत्री' म्हणतात, पण तारतंत्री पाठवा असा निरोप अद्याप कोणी धाडल्याचें मीं ऐकलें नाहीं.) धंद्याच्या पहिल्या वर्षीं तो एका काम चाललेल्या घरांतून तडक एका गृहनिर्माण संस्थेंत गेला. जिन्यांतील सर्व तारा बदलण्याचा अंदाज द्यावयाचा होता. केंसांत भिंतीची भुकटी, पाठीवर घामाचा नकाशा, हातांत अर्धवट गुंडाळलेली तार. समितीच्या मंडळींनीं त्याच्याशीं दारांतच उभ्या उभ्या बोलणें केलें आणि काम दुसऱ्याला दिलें. त्याचा अंदाज कमी रकमेचा होता, हें त्याला मागाहून समजलें.

मग कोणा शहाण्यानें त्याला सल्ला दिला कीं, धंद्यांत छाप पडली पाहिजे. झालें. लग्नांत शिवलेला सूट पेटींतून निघाला. मे महिना, गळ्यांत टाय, आणि काम म्हणजे एका आजीबाईंचा पंखा फिरत नव्हता तो पाहणें. आजीबाईंनीं जाळीच्या दारांतून त्याला आपादमस्तक न्याहाळलें आणि म्हणाल्या, "आम्हांला विमा नको आहे हो." दार बंद! जिन्यांत उभें राहून त्याला दूरध्वनि करावा लागला कीं, आजी, मी पंखेवाला. दुसऱ्या एका घरीं तर गृहस्थांनीं सूट पाहूनच ठरविलें कीं हा दर भारी लावणार, आणि आरंभापासून घासाघीस सुरू केली.

"सर, मळका गेलों तर आंत घेत नाहींत आणि नटून गेलों तर ओळखत नाहींत. जाऊं तरी कसा?" असें त्यानें मला विचारलें. प्रश्न विनोदी दिसला तरी त्याच्या पोटाचा होता. मीं म्हटलें, "अरे, तूं आरशांत पाहून कपडे घालतोस. दार उघडणाऱ्या माणसाच्या मनांत काय चाललें आहे तें पाहून घाल." त्या माणसाच्या मनांत मुख्यतः तीन शंका असतात. या अनोळखी इसमाला घरांत घ्यावें काय? याला काम येतें काय? आणि हा मला लुबाडील काय? मळक्या कपड्यांनीं पहिली शंका वाढते, सुटानें तिसरी वाढते, आणि दुसरीचें उत्तर दोहोंतहि मिळत नाहीं.

पुढें त्यानें जो पोशाख ठरविला तो असा: करड्या रंगाचा, पुऱ्या बाह्यांचा सुती सदरा, त्याहून थोड्या गडद रंगाची जाड सुती विजार, आणि खिशावर धाग्यानें विणलेलें धंद्याचें नांव. रंगाचा विचार आम्हीं दोघांनीं बसून केला. पांढऱ्यावर तेलाचा डाग दिसतो, गडद निळ्यावर चुन्याची भुकटी दिसते. मधला रंग दोन्ही झांकतो. 'खाकी' हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत वायव्य सरहद्दीवरील पलटणींनीं तो रंग धरला तो धूळ दिसूं नये म्हणूनच. परंतु आपल्याकडे दारांत खाकी दिसली म्हणजे घरच्यांच्या छातींत उगाच धस्स होतें. म्हणून करडा.

कापड सुती कां, याला दोन कारणें आहेत. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनीं टेरिलीनचा शोध लावला, आणि तेव्हांपासून चुणी न पडणाऱ्या कापडानें इस्त्रीचे श्रम वांचविले, हें खरें. परंतु सामान्य हवेंत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के ओल धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काहि धरीत नाहीं. घाम शोषला जात नाहीं, तो अंगावरच राहतो, आणि मुंबईच्या दमट हवेंत त्याचा वास दुपारपर्यंत आपल्याआधीं घरांत शिरतो. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. विजेचा मोठा स्फुल्लिंग उडाला तर सुती कापड जळून काळें पडतें. पॉलिएस्टर वितळतें आणि कातडीला चिकटतें. म्हणून ज्याचें काम विजेशीं किंवा विस्तवाशीं आहे त्यानें सुतीच वापरावें. बोटांतील अंगठी, मनगटावरचें कडें, गळ्यांतील सांखळी, हींहि कामाच्या वेळीं काढून ठेवावीं; धातूंतून वीज जाते. जाणत्या गिऱ्हाइकाला मोकळीं बोटें पाहूनच कळतें कीं हा आपला धंदा ओळखतो.

शिंप्याकडे जाण्यापूर्वीं सुती कापड एकदां पाण्यांत भिजवून वाळवावें, नाहींतर पहिल्याच धुण्यांत बाह्या मनगट सोडतात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, आणि हात वर केला असतां सदरा विजारींतून सुटूं नये. पंख्याखालीं शिडीवर चढलेल्या माणसाचें पोट उघडें पडणें हें कोणत्याच गिऱ्हाइकाला पाहवत नाहीं.

आतां पायांकडे येऊं, कारण माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथें आहे. विलायती पुस्तकांत जोडे चकचकीत असावेत यावर पानेंच्या पानें भरलेलीं असतात. आपल्याकडे जोडे उंबरठ्याबाहेर राहतात! आंत जातात ते पायमोजे. हिशेबनीसानें कितीहि झकपक बूट घातले तरी दिवाणखान्यांत बसल्यावर गिऱ्हाइकाला दिसतो तो भोंकांतून डोकावणारा अंगठा. बसून काम करणाऱ्यांनीं बुटांवर खर्च थोडा करावा आणि मोजे मात्र रोज धुतलेले घालावेत. नाड्यांचे बूटहि टाळावेत. ते काढतांना मनुष्य एका पायावर उभा राहून भिंतीला हात टेकतो, आणि रंगविलेल्या भिंतीवर पंजा उमटवून जातो.

पण वायरमननें काय करावें? आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. कोरडी कातडी तिला बराच विरोध करते, ओली कातडी फारच थोडा. न्हाणीघरांत पाणी तापविण्याचें यंत्र बिघडलें आहे, फरशी ओली आहे, आणि मनुष्य अनवाणी उभा आहे, अशा स्थितींत हातांतून शिरलेली वीज छातींतून पायावाटे जमिनींत जाते. माणसाचा जीव वांचावा म्हणून घरांत जें गळती-रोधक बटण बसवितात तें सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतें. इतका थोडा प्रवाहहि धोक्याचा मानला आहे. पुष्कळ घरांत हें बटण नसतेंच. मुख्य बटण बंद करून काम करावें हा पहिला नियम खरा, परंतु बिघाड कोठें आहे हें शोधण्यासाठीं कधीं कधीं वीज चालू ठेवूनच तपासावें लागतें. अशा वेळीं पायांत कोरड्या रबरी तळव्याचे जोडे हवेत. आणि नेमकें दारांतच घरच्या बाई सांगतात, "जोडे बाहेर काढा." त्यांचेंहि चूक नाहीं. घर त्यांचें, स्वयंपाकघर त्यांचें, रस्त्यावरची घाण आंत कां यावी? भिडेखातर मुलगा जोडे काढतो आणि अनवाणी ओल्या फरशीवर उभा राहतो. शिष्टाचारापायीं जीव धोक्यांत घालणें याला मी शिष्टाचार म्हणत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. रबरी तळव्याच्या जोड्यांचा एक वेगळा जोड तो कापडी पिशवींत बाळगतो. रस्त्यावर तो कधींच घालीत नाहीं, आणि दर आठवड्याला तळवे घासून धुतो. उंबरठ्यावर बाहेरचे जोडे काढावयाचे, घरच्यांच्या देखत पिशवींतून हा जोड काढावयाचा, आणि म्हणावयाचें, "काकू, हे फक्त घरांत वापरायचे आहेत. विजेचं काम आहे, अनवाणी करतां येत नाहीं." एवढ्या एका कृतींत तिन्ही शंकांचीं उत्तरें मिळतात, असा त्याचा अनुभव आहे. देवघरांत काम निघालें तर तो मुख्य बटण बंद करतो, तारेंत वीज नाहीं हें तपासून घेतो, आणि रबरी चटई अंथरून तिच्यावर अनवाणी बसतो. ऐकणाऱ्या गृहिणींना माझी विनंती आहे कीं, वायरमन जोडे ठेवूं द्या म्हणाला तर तो उद्धटपणा समजूं नये. कोरडी चटई आपणहून पुढें केली तर फारच उत्तम.

इतर धंद्यांचें थोडक्यांत सांगतों. वकिलाचा पोशाख नियमानेंच ठरलेला आहे; काळा कोट आणि गळ्याशीं पांढऱ्या पट्ट्या. पण त्याच नियमांत असेंहि आहे कीं, समारंभाचे कांहीं प्रसंग सोडले तर पट्ट्या आणि झगा न्यायालयाबाहेर सार्वजनिक जागीं मिरवूं नये. हिशेबनिसानें गिऱ्हाइकापेक्षां एक पायरी नीटनेटकें असावें, दोन नव्हे. धान्याच्या पोत्यावर बसून बोलणाऱ्या व्यापाऱ्यासमोर टाय लावून गेलें तर तो मनांतलें सांगत नाहीं, आणि हिशेबनिसाला मनांतलें ऐकल्याशिवाय काम करतां येत नाहीं. आचाऱ्यांसाठीं अन्नसुरक्षेचे २०११ सालचे नियम आहेत. स्वच्छ कपडे, झांकलेले केंस, कापलेलीं नखें, आणि अन्न हाताळतांना दागिने व घड्याळ नाहीं. कार्य ठरवावयास येणारा आचारी याच थाटांत आला तर यजमानीणबाई पुढचे प्रश्न विचारीतच नाहींत. परिचारिकेनें पुऱ्या बाह्या टाळाव्यात. इंग्लंडच्या आरोग्यखात्यानें २००७ सालीं कोपराखालीं कांहीं घालूं नये असें सांगितलें, कारण हात मनगटापर्यंत धुतां आले पाहिजेत. वायरमनला पुऱ्या बाह्या, परिचारिकेला अर्ध्या! ज्याचें त्याचें काम बाह्या ठरवितें.

स्त्रियांच्या बाबतींत लोक दुप्पट चिकित्सा करतात, हें मला मान्य नाहीं, पण तसें घडतें. त्यांची खरी अडचण निराळीच आहे. त्यांच्या बहुतेक कपड्यांना खिसा नसतो. फित, लेखणी, पावतीपुस्तक, मोबाइल, सारें हातांत किंवा पर्शींत. मग मापें घेतांना पर्स सोफ्यावर आणि लक्ष पर्शींत. साडी असो वा सलवार-कमीज, वरून दोन मोठ्या खिशांचा जाड सुती झगा घातला म्हणजे हें संपतें, आणि फिरत्या यंत्राजवळ पदर किंवा ओढणी सुटी राहत नाहीं.

कपडे किती असावेत? तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक दोरीवर, एक घडी घालून तयार. पावसाळ्यांत मुंबई-कोंकणांत चौथा लागतो, कारण दोरीवरचा दोन दोन दिवस उतरत नाहीं. पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. पिवळसरपणावर निळ्याची छटा चढली म्हणजे डोळ्याला पांढरें दिसतें. घामाचे पिवळे डाग काढण्यासाठीं क्लोरीनचें तीव्र पाणी मात्र वापरूं नये. डाग कधीं कधीं अधिकच पिवळा होतो आणि सूत कुजतें. इस्त्रीवर किंवा कपड्याच्या पट्टीवर ठिपके असतात, त्यांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक ठिपका म्हणजे सुमारें ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती कापडाला तीन, टेरिकॉटला फार तर दोन.

सर्वांनीं एकच खूण धारण केली म्हणजे काय होतें, याचें मुंबईंतील उदाहरण आपणां सर्वांना माहीत आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या धंद्यांत डोक्यावरची पांढरी टोपी हा शिस्तीचा भाग आहे. ती टोपी सोन्याची नाहीं. परंतु फलाटावरच्या गर्दींत ती दिसली कीं लोक बाजूला सरतात, आणि इमारतीचा पहारेकरी तिला नांवगांव विचारीत बसत नाहीं. २००३ सालीं इंग्लंडचे त्या वेळचे युवराज चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, तेव्हांहि डोकीं अशींच होतीं. लहान धंद्यांत दोघे-तिघे भागीदार असले तर त्यांनीं सदऱ्याचा रंग एकच ठेवावा. आज एक आला, उद्यां दुसरा आला, तरी दार उघडणाराला ओळख पटते.

भांडवल थोडें असेल तर आधीं काय घ्यावें, असें माझा विद्यार्थी नव्या मुलांना सांगतो तो क्रम मी येथें देतों. पहिल्यानें घरांत वापरावयाचे रबरी जोडे. मग दोन सुती सदरे आणि एक विजार. तिसरा सदरा पहिल्या कमाईंतून. मग सामानाची तोंड मिटणारी पिशवी, आणि तींत एक अंग पुसण्याचा पंचा, एक जुनी चादर आणि एक घडीचा कोरडा सदरा. चादर कामाखालीं अंथरण्यासाठीं, म्हणजे भिंतीची भुकटी घरांत पसरत नाहीं आणि जातांना ती गुंडाळून बाहेर झटकतां येते. नांवाचीं छापील कार्डें सर्वांत शेवटीं. सुटाचा उल्लेख त्याच्या यादींत नाहीं. तो आतां वर्षांतून एकदां, नात्यांतल्या लग्नांत, पेटीबाहेर येतो.